न्यायाधीशांच्या रविवारी लावलेला सिनेमा

वेस्टर्न सिनेमे आवडणारी माणसं सगळी एकाच जातीची असतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी कधी दुकान चालवलेलं नसतं. मी बारा वर्षं चालवलं. देवासला, आमच्या घराच्या पुढच्या खोलीत, सीडी भाड्याने देण्याचं. माहेर धारचं. वडील कोर्टात नोकरीला होते आणि महूच्या छावणीतल्या थेटरात घोडे-बंदुकांचा इंग्रजी सिनेमा लागला की मला घेऊन बसने जायचे. इंग्रजी आम्हा दोघांनाही बेताचंच कळायचं. कोण कुठून आला, दारात का थांबला, टोपी कोणी काढली आणि कोणी नाही, एवढ्यावर आम्ही गोष्ट लावायचो आणि ती बहुतेक वेळा बरोबर निघायची.

दुकानात गिऱ्हाईक यायचं आणि म्हणायचं, "दीदी, कोई घोडेवाली दे दो." घोडेवाली म्हणजे वेस्टर्न. मी विचारायची, मागची पाहताना चहाला कधी उठलात? जो माणसं बोलत असताना उठला त्याला मी सरळ गोळीबाराची द्यायची, म्हणजे गावावर टोळी चाल करून येते आणि पाच-सहा जण ती थोपवतात, त्या प्रकारची. जो गोळीबार सुरू झाल्यावर उठला, त्याला रिकाम्या मैदानांची, ज्यात एक माणूस अर्धा सिनेमा नुसता चालत असतो. आणि जो उठलाच नाही, तो सूड बघायला आलेला असायचा. अशांना देताना फार जपावं लागतं. सूड पहिल्या तासात उरकला तर पुढे माणूस कंटाळतो. तो उशिरा हवा, आणि घेणाऱ्याने घेताना आरडाओरडा करता कामा नये. हे तीन प्रकार उलटसुलट दिले तर चांगल्यात चांगला सिनेमासुद्धा शिवी खातो आणि गिऱ्हाईक परत येत नाही.

मग सगळ्यांच्या हातात फोन आले आणि दुकान संपलं. आता त्या खोलीत पिको-फॉलचं मशीन आहे. डिस्का दिवाणाच्या पोटात आहेत. पण सवय गेली नाही. दर शनिवारी मी घरच्या ग्रुपवर एका सिनेमाबद्दल आठ-दहा ओळी लिहायची. कोणता बघावा, कोणी बघावा, कोणी बघू नये. मराठीत लिहायची. भाचेमंडळींपैकी निम्म्यांना मराठी वाचायचा कंटाळा, ते लिहायचे, "मावशी, व्हॉइस नोट भेजो ना." मी पाठवत नसे. वाचायचं असेल तर वाचा.

आमच्या समाजाचा एक हॉल आहे, धाकट्या पातीच्या, म्हणजे देवासच्या जुन्या धाकट्या संस्थानाच्या बाजूला. तिथे रविवारी दुपारी सिनेमा दाखवायची पद्धत बऱ्याच वर्षांची आहे. प्रत्येक रविवार कुणाच्या तरी स्मरणार्थ असतो. त्या घरचे लोक पोहे आणि चहा देतात, पडद्याच्या बाजूला टेबलावर गेलेल्या माणसाचा फोटो हार घालून ठेवतात, आणि सिनेमा निवडणारा उभा राहून दोन शब्द बोलतो. इतकी वर्षं जुने मराठी सिनेमे दाखवून झाले. तेच तेच पाहून खुर्च्या रिकाम्या राहायला लागल्या, तेव्हा समितीने ठरवलं की वर्षभर काहीतरी वेगळं दाखवावं. मी लेखी अर्ज दिला. वेस्टर्न दाखवते, डिस्का माझ्या आहेत, निवड मी करते. अध्यक्षांनी अर्ज वाचला आणि चष्मा काढून म्हणाले, "वहिनी, बायकांसाठी हळदीकुंकू आहे, भोंडला आहे. तुम्ही कुठे ही मारपीट घेऊन बसता."

मला ते रविवार हवे होते. या वयात माणसाला फार गोष्टी हव्याशा वाटत नाहीत. ही वाटली होती.

गणपतीत समाजाची स्मरणिका निघाली. त्यात दोन पानी लेख होता, वेस्टर्नच्या चाहत्यांनी काय पाहावं यावर. लेखक, माझा दीर. आमच्याच घरात वरच्या मजल्यावर राहतो, पीथमपूरला गाड्यांच्या कारखान्यात आहे, पहाटेच्या शिफ्ट-बसने जातो आणि येताना बसमध्ये झोपतो. घरीही कुठलाही सिनेमा सुरू झाला की वीस मिनिटांत घोरतो. लेखातलं प्रत्येक वाक्य माझं होतं. मी 'माझ्या दुकानात' लिहिलं होतं तिथे 'माझ्या पाहण्यात' केलं होतं, तेवढाच त्याचा हात लागला होता. विसर्जनाच्या आदल्या दिवशी त्याला शाल आणि श्रीफळ मिळालं. त्याच कार्यक्रमात अध्यक्षांनी जाहीर केलं की यंदाचे रविवार वेस्टर्नचे, आणि ते माझा दीर बघेल, कारण अशी अभ्यासू व्यक्ती आपल्यात आहे हे आपल्याला माहीतच नव्हतं.

मी टाळ्या वाजवल्या नाहीत. घरी आल्यावर जिन्यातच त्याला गाठलं.

"भावजी, तो लेख तुमचा?"

"हो ना. म्हणजे घर का ही है. तुम्ही लिहिलं काय, मी लिहिलं काय."

"मग माझं नाव टाकायचं."

"वहिनी, तुम्ही पण ना. बाईच्या नावाने बंदूक-पिस्तूलचा लेख बरा दिसतो का? तुमचं मटेरियल ग्रुपमध्ये पडून होतं, मी बाहेर काढलं. थँक्यू तर म्हणा."

शाल अजून त्याच्या खांद्यावर होती. नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, जाऊ दे, धाकटा आहे. धाकटा सेहेचाळीस वर्षांचा आहे.

मी जाऊ दिलं नाही. पण बोललेही नाही. भांडून काय झालं असतं? समितीसमोर मी एक चिडलेली वहिनी ठरले असते आणि त्याने हसून हात जोडले असते. लोकांना हात जोडणारा पुरुष फार आवडतो.

दोन दिवसांनी तो निर्लज्जपणे खाली आला. "वहिनी, या रविवारी काय लावायचं?"

मी सांगितलं. नीट सांगितलं. पहिल्या रविवारी निवृत्त मास्तरांच्या घरचा स्मरणदिन होता, तर एका म्हाताऱ्या घोडेवाल्याचा शांत सिनेमा दिला, ज्यात तो शेवटी आपलं शिंगरू दुसऱ्याला देऊन पायी निघतो. मास्तरांची मुलगी रडली. दुसऱ्या रविवारी एका बांधकाम ठेकेदाराच्या स्मरणार्थ, तर रेल्वेचा पूल बांधणाऱ्या टोळीचा धमाल सिनेमा दिला. तिसरा सतवासकडच्या एका शेतकरी घराण्याचा, त्यांना गुरांचा कळप हजार मैल हाकत नेणाऱ्यांचा. त्या दिवशी खुर्च्या कमी पडल्या. लोक भिंतीला टेकून उभे होते. बाहेर पोहे खाताना जो तो माझ्या दिराच्या पाठीवर थाप मारत होता. "भिया, मान गए. काय निवड आहे." मी बशा उचलत होते. एका बाईने मला सांगितलं, "तुमच्या घरात एवढा जाणकार माणूस, तुम्हालाही शिकायला मिळत असेल." मी म्हटलं, "हो, रोज."

मी ते तीन रविवार मुद्दाम चांगले दिले, हे इथे सरळ लिहिते. उंचावर चढवल्याशिवाय माणूस पडत नाही. शिवाय मला त्याची पद्धत बघायची होती. मी जे लिहून पाठवायची त्याची तो पहिली ओळ वाचायचा आणि शेवटची. मधलं वाचत नसे. सिनेमा आधी बघत नसे. हॉलमध्ये त्या दोन ओळी बोलून झाल्या की एक वाक्य स्वतःचं जोडायचा, दर वेळी तेच: "हा सिनेमा म्हणजे त्यांच्या स्वभावाचं जणू चित्रच." मग पहिल्या रांगेत बसून झोपायचा.

चौथ्या आठवड्यात तो आला तेव्हा म्हणाला, "या वेळी जजसाहेबांचा रविवार आहे. भारी फॅमिली आहे. काहीतरी भारदस्त द्या."

जजसाहेब म्हणजे आमच्याकडचे निवृत्त जिल्हा न्यायाधीश. जाऊन चार वर्षं झाली होती. माणूस झटपट निकाल लावण्यासाठी ओळखला जायचा आणि त्यांना त्याचा अभिमान होता. त्यांनी आत टाकलेला एक जण सात वर्षांनी वरच्या कोर्टातून निर्दोष सुटून आला, तोवर त्याचं घर मोडलेलं होतं. हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्या घरासमोर कोणी बोलत नव्हतं. माझ्या दिरालाही ठाऊक होतं.

मी जे लिहून पाठवलं ते असं होतं. "हा सिनेमा घाईबद्दल आहे. गोळ्या फक्त दोन सुटतात, पण ताण पहिल्यापासून आहे. एक न्यायाधीश घोडागाडीतून गावोगाव फिरतो. पुढच्या गावी जायला नदी ओलांडायची आहे आणि पाणी चढतंय, म्हणून तो एका पोराचा खटला अर्ध्या तासात संपवतो आणि त्याला फाशी देतो. नदीपाशी पोचल्यावर त्याला खरं कळतं. जुन्या चाहत्यांनी चुकवू नये असा, अतिशय भारदस्त सिनेमा."

यात एक शब्द खोटा नाही. न्यायाधीश तिसऱ्या ओळीत आहे. तो वर आणला असता तर दिराने वाचला असता. मी वर आणला नाही.

तरी शनिवारी मी त्याला विचारलं. "भावजी, मी पाठवलंय ते पूर्ण वाचलं ना?"

"हो हो, वाचलं. एकदम भारदस्त."

मग मी डिस्क पुसून त्याच्या हातात दिली.

रविवारी न्यायाधीशांचा मोठा मुलगा, सुना, नातवंडं, आणि पहिल्या रांगेत त्यांची बायको, ऐंशीच्या पुढच्या, पांढरी नऊवार, हातात काठी. फोटोला झेंडूचा जाड हार. माझा दीर उभा राहिला. हा सिनेमा घाईबद्दल आहे, म्हणाला. जुन्या चाहत्यांनी चुकवू नये असा, म्हणाला. आणि मग फोटोकडे हात करून, "हा सिनेमा म्हणजे साहेबांच्या स्वभावाचं जणू चित्रच." ते वाक्य मी त्याला दिलेलं नव्हतं. पण तो ते बोलणार हे मला माहीत होतं.

मी मागे, दाराजवळच्या खुर्चीवर होते. पहिला अर्धा तास सगळं ठीक. मग पडद्यावर घोडागाडी आली, त्यातून काळ्या कोटातला न्यायाधीश उतरला आणि त्याने खिशातलं घड्याळ काढून पाहिलं. हॉलमध्ये कोणीतरी खाकरलं. खटला सुरू झाला. पोराची आई काही सांगायला उठते आणि न्यायाधीश तिला हाताने खाली बसवतो, तेव्हा खुर्च्या सरकल्याचे आवाज आले. पडद्याचा उजेड फोटोच्या काचेवर पडत होता, त्यामुळे फोटोतले साहेबही जणू बघत होते. पोराच्या गळ्यात दोर पडला तेव्हा मोठा मुलगा उठला.

"भिया, ये क्या लगा दिया?"

दिराला हाक ऐकू आली नाही. तो झोपला होता. मुलाने त्याचा खांदा हलवला. "उठो. काय लावलंय हे? माझ्या बापाच्या फोटोसमोर?"

दीर डोळे चोळत पडद्याकडे बघायला लागला. कोणीतरी दिवा लावला. अध्यक्ष मशीनकडे निघाले, तेवढ्यात पहिल्या रांगेतून म्हातारीचा आवाज आला. "बंद करू नका. दिवा घालवा. मला बघू दे."

"आई, चल घरी."

"तू जा. मी बघून येते."

मुलगा बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिला. बाकीच्यांनी सिनेमा शेवटपर्यंत पाहिला. म्हातारी बसली असताना उठणार कोण?

पोहे त्या दिवशी कोणी खाल्ले नाहीत. दिवे लागल्यावर मुलगा आत आला आणि अध्यक्षांना म्हणाला, "स्वभावाचं चित्र म्हणजे काय, ते मला समजावून सांगा. आत्ता."

अध्यक्षांनी दिराकडे बघितलं. मी वाट बघत होते. आता दोनच गोष्टी होत्या. एकतर त्याने स्वतःवर घ्यायचं, नाहीतर खरं बोलायचं.

"मला काय माहीत," दीर म्हणाला. "वहिनींनी दिला."

"म्हणजे?" अध्यक्षांनी विचारलं.

"वहिनींनी सांगितला, मी लावला."

"फक्त हा?"

त्याने अध्यक्षांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. शेवटी मान खाली घालून म्हणाला, "सगळे त्याच देतात."

मी उठून पुढे गेले. पदर खोचलेला होता, तो सोडला. "पहिल्या रविवारपासून सगळे मी निवडले," मी म्हटलं. "स्मरणिकेतला लेखही माझा आहे. फोनवर तारखेसह आहे, कोणाला बघायचं असेल तर."

"मग हा पण तुम्हीच निवडला?" मुलगा म्हणाला.

"हा पण मीच."

"जाणूनबुजून?"

मी म्हटलं, "सिनेमा चांगला आहे."

शिवी त्याच्या तोंडाशी आली होती, पण समोर बाई होती. त्याने फोटो उचलला, हारासकट, आणि काखेत घेऊन गेला. दीर भिंतीपाशी उभा होता. त्याच्या पाठीवर त्या दिवशी कोणाचा हात पडला नाही. मला वाईट वाटलं का? नाही वाटलं. मी घरी आले आणि वरणाला फोडणी दिली.

वाईट वाटलं ते तिसऱ्या दिवशी, आणि तेही दिरासाठी नाही. अध्यक्षांचा निरोप आला की जजसाहेबांच्या घरी काकूंना जाऊन भेटून या. मी गेले. काकू स्वयंपाकघरात खाली बसून मेथी निवडत होत्या.

"बस. पाणी घे," त्या म्हणाल्या. "सिनेमा चांगला होता."

"हो."

"ह्यांच्यासाठी म्हणून निवडलास?"

"नाही. माझ्या दिरासाठी."

"मग मध्ये ह्यांचा फोटो कशाला हवा होता तुला?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं. ते बोलण्यासारखं नव्हतं. सोयीचा पडला, असं त्याचं खरं उत्तर.

काकूंनी मेथीच्या जुडीची दोरी सोडली. "तू माणूस वाईट आहेस," त्या म्हणाल्या. रागाने नाही, भाजी जून आहे म्हणावं तसं.

मी नाही म्हटलं नाही. "चुकलं माझं, काकू," एवढं म्हटलं, आणि ते खरं होतं. त्यांच्यापुरतं.

"मुलगा म्हणतो, समितीकडून माफी लिहून घ्यायची. मी म्हटलं, नको तो कागद." मग त्यांनी विचारलं, "शेवटी मला नीट दिसलं नाही. त्याला खरं कळल्यावर त्याने गाडी वळवली का गं?"

"नाही, काकू. नदी ओलांडून गेला."

"बरं," त्या म्हणाल्या आणि मेथीचं एक पान खुडलं. मी आणखी थोडी जुडी निवडून दिली आणि निघाले.

समितीची बैठक झाली. एक-दोघांनी सगळे रविवारच बंद करा म्हटलं. पण खुर्च्या भरत होत्या हे कोणाला नाकारता येईना. शेवटी ठरलं की वर्ष पुरं होईपर्यंत निवड मी करायची, फळ्यावर माझं नाव लिहायचं, आणि समितीच्या दोघांनी सिनेमा आधी पाहायचा. मी म्हटलं, जरूर पाहावा, आणि पूर्ण पाहावा. पुढच्या स्मरणिकेत लेखाची दुरुस्ती छापायची हेही मी लिहून घेतलं. अध्यक्ष म्हणाले, "वहिनी, आता घरातलं घरात मिटवा." मी म्हटलं, "घरातलं तुम्हीच हॉलमध्ये आणलंत, शाल घालून."

तेव्हापासून मी उभी राहून दोन शब्द बोलते. पूर्ण बोलते, मधल्या ओळींसकट. कोणी बघू नये हेही सांगते. न्यायाधीशांच्या घरचं अजून कोणी येत नाही, आणि तिथून जाताना मी दुसऱ्या गल्लीने जाते. बाकीचे येतात. लोहारद्याकडून दोघे जण मोटरसायकलवर येतात, दोघेही सूड बघणारे, चहालासुद्धा उठत नाहीत.

दीर अडीच महिने माझ्याशी बोलला नाही. जिन्यात दिसला की फोन कानाला लावायचा. जाऊबाई मात्र एकदा लोणच्याची बरणी ठेवून गेली आणि म्हणाली, "बरं केलंत, पण मी म्हटलं असं सांगू नका." मला त्याच्या बोलण्याची गरज नव्हती. प्रोजेक्टरच्या तारा कुठे लावायच्या ते मी शिकून घेतलं होतं.

गेल्या आठवड्यात हॉलमध्ये पुढच्या महिन्याची यादी लागली. तिसरा रविवार माझ्या सासऱ्यांच्या स्मरणार्थ आहे. म्हणजे त्याच्या वडिलांच्या. पोहे आम्हीच देणार, फोटो आमच्याच दिवाणखान्यातून जाणार. सासरे कडक होते. त्यांच्याबद्दल या घरात ज्या गोष्टी बोलायच्या नसतात, त्या मला सगळ्या माहीत आहेत, आणि मला माहीत आहेत हे दिराला माहीत आहे.

काल संध्याकाळी मी मशीनवर फॉल लावत होते. तो दारात येऊन उभा राहिला. शिफ्टवरून आलेला, गळ्यात ओळखपत्र तसंच.

"वहिनी."

"बोला, भावजी."

"बाबांच्या रविवारी काय लावणार आहात?"

मी पायाने मशीन चालवत राहिले. साडी मोरपिशी होती, दोरा बदलावा लागणार होता.

"अजून बघतेय," मी म्हटलं.

"नाव तरी सांगा. मी आधी बघून घेतो. पूर्ण बघतो, शपथ."

"समितीचे दोघे बघतील. रविवार आता तुमच्याकडे नाहीत."

तो तरी उभा राहिला. "वहिनी, आई अजून आहे. ती पण येणार आहे त्या दिवशी."

"मला माहीत आहे."

तो वर गेला. जिन्यावर त्याची पावलं मध्येच थांबल्याचं मला ऐकू आलं, मग दार लागलं.

सिनेमा मी यादी लागली त्याच दिवशी ठरवला आहे. एक माणूस गावाबाहेर विहीर खणतो, त्याला कोणी मदत करत नाही, आणि शेवटी सगळं गाव तिथे पाणी भरतं. सासऱ्यांना आवडला असता, सासूबाईंना आवडेल, दिरालाही आवडेल, जागा राहिला तर. समितीच्या दोघांना मी सांगून ठेवलं आहे की नाव बाहेर जाऊ द्यायचं नाही. रविवारला अजून सोळा दिवस आहेत.